भर पावसात कर्जत ते वेंगुर्ला : कोकण कृषि विद्यापीठाच्या संशोधन केंद्रांवरून

कोकणातली कृषी संशोधन केंद्रे बघायला बहुतेक लोक एप्रिल-मेमध्ये येतात, कारण आंबा-काजू झाडावर दिसतो. शिकायचे असेल तर मात्र जुलै हाच महिना. भाताची लावणी, आंब्याची कोय कलमे, काजूची मृदुकाष्ठ कलमे, हापूसच्या बुंध्याभोवती पॅक्लोब्युट्राझोल हे मोहोर आणणारे औषध घालणे ही सगळी कामे तेव्हाच चाललेली असतात. फळ फक्त बघता येते, कामातले मात्र हात लावून समजून घेता येते.

दापोलीचे कोकण कृषि विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले. आज ते डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नावाने ओळखले जाते. त्याची काही केंद्रे विद्यापीठापेक्षा कितीतरी जुनी आहेत आणि पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत विखुरलेली आहेत. जिथे अडचण तिथे केंद्र, अशीच त्यांची मांडणी आहे. भातासाठी कर्जत, खाऱ्या जमिनीसाठी पनवेल, नारळासाठी भाट्ये, काजू-आंब्यासाठी वेंगुर्ले. निघण्याआधी प्रत्येक केंद्राच्या प्रमुखांना पत्र पाठवून वेळ ठरवून घ्यावी, रविवार आणि सुट्ट्या टाळाव्यात. सोबत गमबूट, वही ओली होऊ नये म्हणून प्लास्टिकची पिशवी आणि मोजपट्टी असावी. मोजपट्टी खरोखरच लागते. या केंद्रांवर गेलेला माणूस वाणाचे नाव विचारून परत येतो, पण उत्पन्नातला फरक बऱ्याचदा सेंटिमीटर आणि तारीख यांत असतो.

पहिला दिवस : कर्जत

मध्य रेल्वेने कर्जतला उतरले की भात संशोधन केंद्र जवळच आहे. १९१९ पासून इथे भातावर काम चालू आहे. कर्जत-१८४, कर्जत-३, कर्जत-७ ही नावे रायगड-ठाण्यातल्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. हळवे (लवकर पिकणारे), निमगरवे (मध्यम), गरवे (उशिरा पिकणारे) अशी विभागणी इथे नुसती वर्गवारी म्हणून बघू नये. वरकस (उंचावरच्या, हलक्या) आणि उताराच्या जागी ऑक्टोबरमध्ये पाणी हटते, तिथे गरवा वाण लावला तर दाणा भरताना जमीन कोरडी पडते आणि पळींज (पोचट दाणे) वाढते. खोलगट खाचरात हळवा लावला तर तो पावसातच पिकून लोळतो. खाचर कुठे आहे हे आधी, वाण नंतर.

केंद्रात पहिल्यांदा बघण्यासारखी गोष्ट म्हणजे बियाण्याची मिठाच्या पाण्याची प्रक्रिया. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचे, त्यात बी ओतून ढवळायचे, तरंगणारे पोचट आणि रोगट बी काढून टाकायचे. तळाशी बसलेले बी स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवायचे. चूक होते ती धुण्यात. मीठ अंगावर राहिले की उगवण मार खाते, मग दोष बियाण्याला दिला जातो. ही प्रक्रिया पेरणीआधीची, त्यामुळे जुलैत ती फक्त करून दाखवतात. पण आवण (भाताची रोपवाटिका) दाट-विरळ का उगवले याचे उत्तर तिथेच मिळते.

दुपारी लावणीच्या खाचरात. डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेली चारसूत्री पद्धत शेतात उतरून बघावी अशीच आहे. भाताचे तूस किंवा पेंढा यांचा पुनर्वापर, गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या झाडाचा पाला चिखलात गाडणे, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या, ही ती चार सूत्रे. लावणीच्या दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरवर आळीपाळीने खुणा असतात. खुणेवर दोन-तीन रोपांचा चूड लावायचा, तोही वरच्यावर, अडीच ते चार सेंटिमीटर खोल. त्याहून खोल गेला तर फुटवे उशिरा आणि कमी येतात. अशा लावणीत चार चुडांचा १५ बाय १५ सेंटिमीटरचा चौकोन तयार होतो आणि त्याच्याभोवती २५ सेंटिमीटरची वाट राहते.

त्याच दिवशी, पाणी जेमतेम असताना, प्रत्येक चौकोनाच्या मधोमध २.७ ग्रॅमची एक गोळी हाताने चिखलात ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. बोट पूर्ण आत जाते, गोळी सुटते, बोट काढताना वरचा चिखल आपोआप मिटतो. तो मिटला नाही तर अंगठ्याने दाबायचा, कारण उघड्या भोकातून नत्र परत वरच्या पाण्यात येते. हेक्टरी साधारण ६२,५०० गोळ्या, म्हणजे १७० किलोच्या आसपास खत लागते. फेकून दिलेला युरिया कोकणात टिकत नाही. वरच्या खाचरातले पाणी बांधावरून खालच्या खाचरात, तिथून ओढ्यात जाते, आणि खतही त्याच वाटेने जाते. चिखलाच्या खालच्या, हवा नसलेल्या थरात गेलेले नत्र अमोनियमच्या रूपात मातीला धरून राहते आणि मुळे हळूहळू घेतात.

हे कुठे चालत नाही, तेही सांगायला हवे. रेताड जमिनीत पाणी भराभर झिरपते, तिथे गोळीचे नत्र मुळांच्या खाली निघून जाते. लावणी आडवीतिडवी असेल तर चौकोनच सापडत नाही आणि गोळ्या चुकतात. लावणीनंतर दोन-तीन दिवसांनी घालू म्हटले तर चिखल घट्ट होतो, बोट आत जात नाही. आणि गोळी घातलेल्या चौकोनात पाय ठेवायचा नाही, चालायचे ते २५ च्या वाटेने.

संकरित भाताचे काम बघायचे तर तासभर जास्त काढावा. इथून १९९८ मध्ये प्रसारित झालेला 'सह्याद्री' हा आयआर ५८०२५ ए या नरवंध्य (ज्याचा स्वतःचा पराग निकामी असतो अशा) मादी वाणापासून केलेला संकर. बीजोत्पादनात मादीच्या आठेक ओळींना नराच्या दोन ओळी असे प्रमाण ठेवतात आणि दुसऱ्या भातापासून निदान १०० मीटर अंतर सोडतात. या मादीची लोंबी झेंडापानाच्या (सर्वांत वरच्या पानाच्या) आवरणातून पूर्ण बाहेर पडत नाही. अडकलेले दाणे परागाविना राहतात, म्हणून लोंब्या डोकवायला लागताच जिबरेलिक ॲसिड फवारतात. फुलोऱ्यात सकाळी उशिरा, फुले उघडली की नराच्या ओळींवरून दोरी फिरवून पराग उडवतात. पावसात पराग धुऊन जातो, त्यामुळे हे काम पाण्याची सोय असलेल्या उन्हाळी हंगामात अधिक भरवशाचे. संकरित भाताचे घरचे बी पुढच्या वर्षी ठेवायचे नाही. पुढच्या पिढीत उंची आणि पक्वता दोन्ही फुटतात आणि शेत एकसारखे पिकत नाही.

दुसरा दिवस : पनवेलची खारजमीन

कर्जत ते पनवेल हा छोटा टप्पा आहे. खार जमीन संशोधन केंद्राचा परिसर बघताना आधी बांध आणि उघाडी बघाव्यात, मग भात. उघाडी म्हणजे बांधातले झडपेचे दार. ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडते, भरतीला खाडीचे पाणी अडवते. बांधाला खांड पडली आणि उधाणाचे पाणी एकदा आत आले की त्या वर्षीचे पीक तर जातेच, मीठही मागे राहते. उन्हाळ्यात जमीन तापली की खालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर येते, वाफ होऊन जाते आणि पृष्ठभागावर पांढरा थर उरतो.

पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे इथले क्षार सहन करणारे वाण. सहन करणारे म्हणजे क्षार आवडणारे नव्हेत. भाताचे रोप कोवळेपणी आणि फुलोऱ्यात क्षारांना सर्वांत हळवे असते. म्हणून पहिल्या मोठ्या पावसांनी वरचा थर धुऊन, पाणी बाहेर काढून मगच लावणी करायची, रोप थोडे जून घ्यायचे आणि एका चुडात नेहमीपेक्षा रोपे जास्त ठेवायची. जिथे लावणी जमत नाही तिथे मोड आलेले बी फेकतात, त्याला रहू म्हणतात. सप्टेंबरात पावसाने ओढ दिली तर खाचरातले गोडे पाणी टिकवणे हेच पीक वाचवणे. पाण्याची पातळी उतरली की क्षार पुन्हा वर चढतात, नेमके फुलोऱ्याच्या वेळी.

दुपारनंतर मुंबई-गोवा महामार्गाने दापोलीकडे. पावसात घाट आणि रस्त्याची कामे यांचा हिशेब धरून अंधार पडायच्या आत दापोलीत पोहोचावे.

तिसरा दिवस : दापोली

विद्यापीठाचे मुख्य ठाणे. सकाळी रोपवाटिका, दुपारी आंब्याची बाग, एवढेच धरावे. सगळे विभाग एका दिवसात फिरायला गेले की काहीच पदरात पडत नाही.

कोय कलम हे या विद्यापीठाने कोकणात घरोघर पोहोचवलेले काम. रसाच्या ताज्या कोयी जूनमध्ये गादीवाफ्यावर रुजत घालतात. दोनेक आठवड्यांत रोप येते, त्याची पाने तांबूस आणि खोड मऊ असते. कलम करायचे ते याच तांबूस अवस्थेत. पाने हिरवी झाली, खोडाला लाकूडपणा आला की जोड धरण्याचे प्रमाण झपाट्याने घसरते. वेळेची ही खिडकी काही दिवसांचीच असते, म्हणून कोयी एकदम न लावता टप्प्याटप्प्याने लावतात.

कलमकाडी हापूसच्या खात्रीच्या, नियमित फळणाऱ्या झाडावरची, तीन-चार महिने वयाची. तोडण्याआधी आठ-दहा दिवस तिची पाने झाडावरच कापून टाकतात, फक्त देठ ठेवतात. त्यामुळे डोळे फुगतात. कोयीसकट रोप उपटून धुतात, खोड कोयीपासून सहा-आठ सेंटिमीटरवर कापतात, मधोमध चार-पाच सेंटिमीटरची उभी चीर देतात. काडीच्या टोकाला तेवढ्याच लांबीची दोन्हीकडून तासलेली पाचर करून ती चिरेत बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट गुंडाळतात. काडी आणि रोप यांची जाडी सारखी नसेल तर निदान एका बाजूची साल सालीला जुळलीच पाहिजे. सुरीचा एकच सरळ काप हवा. पाचर दोन-तीनदा तासली की पृष्ठभाग लाटेसारखा होतो, मधे हवा राहते आणि तिथेच काळे पडते. पट्टीत वरून पावसाचे पाणी शिरले तरी बुरशी लागते, त्यामुळे कलमे बांधून झाली की ती छपराखालीच ठेवतात. मातीत भरपूर कुजलेले शेणखत असावे, ताजे नको. ताज्या शेणाने कोय कुजते.

हापूस वर्षाआड फळतो, हे बागायतदाराचे जुने दुखणे. त्यावर पॅक्लोब्युट्राझोलचा वापर बसवण्यात या विद्यापीठाचा मोठा वाटा आहे. वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. मात्रा झाडाच्या वयावर नाही, विस्तारावर. दक्षिणोत्तर आणि पूर्वपश्चिम व्यास मोजून दोन्हींची सरासरी काढायची आणि दर मीटरला २३ ते २५ टक्के द्रावणाचे ३ मिलिलिटर घ्यायचे. सरासरी व्यास ८ मीटर असेल तर २४ मिलिलिटर. ते तीन ते सहा लिटर पाण्यात मिसळायचे. बुंधा आणि फांद्यांचा शेवट यांच्या मधोमध, झाडाभोवती गोल, १० ते १२ सेंटिमीटर खोल अशी २५ ते ३० भोके लोखंडी पहारीने पाडायची, प्रत्येकात सारखे द्रावण ओतायचे आणि मातीने बुजवायचे. आधी झाडाखालचे तण काढायचे, नाहीतर औषधातला वाटा तणाची मुळे घेतात. मुसळधार पाऊस असेल तर थांबायचे. उताराच्या जांभ्यावर औषध वाहून खालच्या झाडाला जाते.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. हे औषध झाडाची पालवी रोखून त्याला मोहोराकडे वळवते, अन्न पुरवत नाही. दहा वर्षांखालच्या, रोगट किंवा खत न दिलेल्या झाडाला घातले तर दोन-तीन वर्षे भरघोस फळ देऊन झाड खचते. अंदाजाने जास्त ओतले तर मोहोर आखूड, गुच्छासारखा येतो आणि त्यात तुडतुडे व भुरी लपून राहतात, फवारणी आत पोहोचत नाही. खतांची मात्रा जूनमध्ये दिलेली असली पाहिजे. करारावर बाग घेणारे वर्षापुरता विचार करून मात्रा वाढवतात. झाड मात्र मालकाचे असते, त्याने व्यास स्वतः मोजावा.

नूतन झेला (आंबे उतरवण्याचे साधन) आणि फळमाशीचा रक्षक सापळा ही विद्यापीठाची साधने जुलैत फक्त हाताळून बघता येतात. झेल्याच्या तोंडाशी पाते आहे, त्यामुळे फळ देठासकट निघते. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि पिकताना देठाकडून कूज सुरू होते. सापळ्यातले मिथाइल युजेनॉल फक्त नरमाश्यांना ओढते, म्हणून एकट्या बागेत लावून पुरत नाही. शेजारच्या बागांनीही लावले आणि गळलेली फळे वेचून खोल गाडली तरच मिलनाअभावी पुढची पिढी घटते.

चौथा दिवस : दाभोळची खाडी ओलांडून भाट्ये

दापोलीहून दाभोळ-धोपावे फेरीबोटीने गुहागरकडे, पुढे तवसाळ-जयगड बोटीने रत्नागिरीकडे जाता येते. हवा खराब असेल तर बोट बंद असते, मग खेड-चिपळूणचा रस्ता. त्याच वाटेवर वाकवलीचे केंद्र लागते.

रत्नागिरी शहराबाहेर, भाट्ये खाडीच्या पलीकडे, समुद्राच्या वाळूतच नारळ संशोधन केंद्र आहे. ते १९५५ पासूनचे. बाणवली हा किनाऱ्यावरचा उंच नारळ, त्यातल्या गोल हिरव्या फळांच्या प्रकारातून निवडलेला 'प्रताप' ही इथली देणगी. रोप घेताना पानांची उंची बघून भुलू नये. नऊ ते बारा महिन्यांचे, आखूड-जाड बुंध्याचे, पाच-सहा पानांचे रोप निवडावे. बुंध्याचा घेर १० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर सोडून द्यावे. लावताना नारळाच्या वर जेमतेम माती यावी. पावसाच्या माऱ्याने खड्ड्याची माती पानांच्या बेचक्यात साचली की कोंब कुजतो, आणि भर पावसातल्या मरीचे हे सर्वांत मोठे कारण.

केंद्राची 'लाखी बाग' म्हणजे नारळात मसाल्याची पिके. साडेसात बाय साडेसात मीटरवर नारळ, एकरी साधारण ७० झाडे. चार माडांच्या मध्यावर जायफळ, दोन माडांच्या मधे दालचिनी, माडाच्या खोडावर काळी मिरी. दालचिनीचा 'कोकण तेज' आणि जायफळाचा 'कोकण सुगंधा' हे विद्यापीठाचेच वाण. जायफळात नर आणि मादी झाडे वेगळी असतात आणि बियांपासून केलेल्या रोपाचे लिंग कळायला पाच-सात वर्षे जातात, निम्मी झाडे नर निघाली की तेवढी जागा गेली. म्हणून कलमच लावायचे. 'कोकण सुगंधा'च्या एकाच झाडावर दोन्ही प्रकारची फुले येतात, हा त्याचा मोठा फायदा. लाखी बाग फसते ती दोन कारणांनी. माड लहान असतानाच जायफळ लावले तर त्याला सावली मिळत नाही, पाने करपतात. आणि उन्हाळ्यात पाणी नसेल तर माड तग धरतो, जायफळ धरत नाही. विहिरीला मे अखेर किती पाणी असते हे आधी बघावे.

माडाच्या शेंड्याकडे नजर टाकावी. पंख्यासारखी कात्रीने कापल्यागत झालेली पाने म्हणजे गेंड्या भुंगा. तारेच्या आकड्याने तो ओढून काढतात आणि बेचक्यात वाळू-निंबोळी पेंड घालतात. त्याची पैदास मात्र शेणखताच्या खड्ड्यात होते, म्हणून तिथे मेटारायझियम ही बुरशी मिसळतात. शेंड्यावर उपाय करून खड्डा तसाच ठेवणे व्यर्थ आहे. गेंड्याच्या जखमेतूनच पुढे सोंड्या भुंगा शिरतो, आणि सोंड्याने खोड पोखरल्याचे कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

शिरगावचे भात केंद्र आणि झाडगावचे मत्स्यालय जाता जाता बघता येते. रत्नागिरी-२४, रत्नागिरी-१ हे वाण शिरगावचे.

पाचवा दिवस : वेंगुर्ले

कुडाळहून मठमार्गे वेंगुर्ल्यात. १९५७ साली सुरू झालेल्या या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने देशाला काजूची वेंगुर्ला मालिका दिली. वेंगुर्ला-४ (१९८१) ची बी पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, वेंगुर्ला-७ (१९९७) ची दहा ग्रॅमची. शंभर किलो बियांतून तीसेक किलो गर निघतो. आंब्यातले 'रत्ना' (१९८१) आणि 'सिंधू' (१९९२) इथलेच. 'रत्ना' हा नीलम आणि हापूसचा संकर, दरवर्षी फळतो आणि त्यात साका (गराचा आतून खराब होणारा भाग) होत नाही. 'रत्ना'चा हापूसशी पुन्हा संकर करून काढलेल्या 'सिंधू'ची कोय कागदासारखी पातळ. बाजार अजून हापूसच मागतो हे खरे, पण घरच्या बागेत आणि प्रक्रियेसाठी 'रत्ना' लावायला हरकत नाही, किंबहुना लावावाच.

काजूची कलमे इथे बसून बघावीत. बी पाण्यात बुडणारेच घेतात, देठाकडची बाजू वर ठेवून पिशवीत लावतात. पावणेदोन-दोन महिन्यांचे रोप खालच्या दोन पानजोड्या ठेवून जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर कापतात, पाच-सहा सेंटिमीटरची चीर देऊन पाचर बसवतात, पट्टी बांधतात आणि काडीवर पातळ प्लास्टिकची टोपी चढवतात. टोपीतल्या ओलाव्याने डोळा जिवंत राहतो. तीनेक आठवड्यांनी कोंब दिसला की ती काढायची, उशीर केला तर कोवळी पालवी आतच शिजते.

काजूचा मुख्य शत्रू ढेकण्या ही कीड. कोवळ्या पालवीतला रस शोषतो, पालवी-मोहोर जळाल्यासारखा काळा पडतो. फवारणीच्या तीन वेळा ठरलेल्या आहेत : नवी पालवी, मोहोर आणि फळधारणा. पहिली चुकली तर उरलेल्या दोनही फारशा कामी येत नाहीत. बुंध्याजवळ भुसा आणि डिंक दिसला तर ती खोडकिड्याची खूण, साल तासून अळी काढल्याशिवाय नुसते औषध ओतून भागत नाही.

'कोकण अमृता' (१९९७) हा कोकमाचा वाणही कलम करूनच लावायचा, कारण बियांपासूनच्या कोकमातही निम्मी झाडे नर निघतात. कलमकाडी उभ्या वाढणाऱ्या फांदीची हवी. आडव्या फांदीची काडी घेतली तर कलम जन्मभर पसरटच वाढते.

निघताना कलमे विकत घ्यायची असतील तर जोड दोन बोटांत धरून हलकेच वाकवून बघावा, तो डळमळला तर कलम कच्चे आहे. पिशवीच्या तळातून मुळे बाहेर येऊन गुंडाळलेली असतील तर कलम जुने झालेले. गाडीत कलमे उभीच ठेवावीत, वर ताडपत्री धरावी, कारण वाऱ्याने पालवी कोमेजते. घरी आल्यावर आठवडाभर सावलीत ठेवून मग लावावे, लावताना पिशवी आणि जोडावरची पट्टी दोन्ही काढावीत, जोड जमिनीच्या वर राहील असे बघावे आणि काठीचा आधार द्यावा. जोडाखालून फुटलेले धुमारे दर पंधरा दिवसांनी खुडत राहावे. ते राहिले की खुंटरोप जोर धरते, वरची कलमकाडी मागे पडते आणि चार वर्षांनी वेंगुर्ला-७ च्या जागी गावठी काजू उभा राहतो.